गावात नव्या गाण्यांवर जीव टाकणारे चाहते आहेत, त्यांच्या जोरावर गाणं गावाबाहेर कसं न्यावं?

पऱ्हाटीचं_बोंड
यवतमाळ, वाशीम, अमरावतीकडच्या गावांत सध्या स्वतः लिहून, स्वतः चाल लावून गाणारी पोरंपोरी बरीच दिसतात. कोणी वऱ्हाडीत रॅप करतं, कोणी डफ आणि गिटार घेऊन कापसाच्या भावावर गातं. कोणत्या कंपनीचा हात पाठीवर नाही, स्टुडिओ नाही, तरी शब्द अस्सल आणि आवाज ताजे. आणि चाहते असे, की पहिल्या ओळीला शिट्ट्या, दुसऱ्या ओळीला स्टेजवर. नोटा उडवतात, फटाके लावतात, शंभर मोबाईल हवेत. दुसऱ्या दिवशी त्याच गाण्याच्या फाटक्या आवाजाच्या क्लिपा फिरतात, गाणाऱ्याचं नाव एकीतही नसतं.

मंडई (दिवाळीनंतरची गावजत्रा), शंकरपट (बैलांची शर्यत), पोळा, जयंती अशा निमित्तानं तीनचारशे माणसं सहज जमतात. तिथं नवा आवाज नीट ऐकू येईल असा कार्यक्रम कसा लावावा आणि या उत्साहाचं काय करावं? माझं मत असं, की चाहत्यांना आवरत बसू नये, कामं वाटून द्यावीत. जाणकारांनी नेमकं सांगावं. माईक, परवानगी, रेकॉर्डिंग, पैसे, काहीही चालेल.

साऊंड_अकोट
आधी साऊंडचं बोलू. सिनेमातलं गाणं अर्धं ऐकू आलं तरी लोक बाकीचं मनात भरून घेतात. नव्या गाण्याची एक ओळ गेली की माणूस सुटला.

आपल्याकडं मिक्सरवर इको लावायची जुनी सवय आहे. भजनात चालून जाते. रॅपमध्ये मागच्या शब्दाचं शेपूट पुढच्या शब्दावर पडते आणि सगळा काला होते. इको बंद ठेवायला सांगा. हवाच असेल तर ओळीच्या शेवटच्या शब्दापुरता, ऑपरेटरनं हातानं उघडायचा आणि मिटवायचा. त्यासाठी ऑपरेटरजवळ गाण्याचे शब्द जाणणारा एक चाहता उभा करा. हे पहिलं काम.

गायकाच्या आवाजाच्या चॅनलवर लो-कटचं बटण दाबा, १०० हर्ट्झच्या खालचं सगळं जाऊ द्या. २५० ते ४०० हर्ट्झमध्ये ३-४ डीबी कमी केले की गुबगुब जाते. ३ किलोहर्ट्झच्या आसपास २-३ डीबी वाढवले की त, क, च ही अक्षरं सुटी होतात. एवढ्यावर थांबा. सगळ्या नॉब फिरवल्या की परत तिथंच येता.

टॉप बॉक्स, म्हणजे शब्द पोचवणारे वरचे स्पीकर, स्टँडवर, खालची कड ६-७ फुटांवर. वरच्या पट्टीचा आवाज माणसांच्या अंगात अडकते, बॉक्स जमिनीवर ठेवला तर पहिल्या तीन रांगांपुढं शब्द जात नाहीत. टॉप गायकाच्या पुढच्या रेषेत पाहिजेत, मागं ठेवले की शिट्टी ठरलेली.

आणि पोरांना हे सांगाच: माईकची जाळी मुठीत धरायची नाही. जाळीच्या मागच्या अंगानं हवेला आत जायची वाट असते, त्या वाटेमुळंच माईक मागचा आवाज कमी घेते. मूठ आवळली की वाट बंद, मग माईक चारी बाजूंचं घेते आणि कुईं सुरू. मॉनिटर, म्हणजे गायकाला स्वतःचं ऐकू यावं म्हणून ठेवलेला बॉक्स, गायकाच्या समोर, माईकच्या शेपटीकडं तोंड करून. बाजूला ठेवू नका.

खंजिरी_मोझरी
जाळी धरल्याशिवाय रॅपर दिसत नाही म्हणते पोट्टे! फोटोसाठी धरा बाप्पा, गातानी सोडा.

साऊंड_अकोट
हाव, फोटो साऊंड चेकच्या वेळीच काढून टाका.

एक राहिलं. ट्रॅक, म्हणजे मागचं तयार संगीत, मोबाईलवरून वाजवणार असाल तर मोबाईल विमान मोडवर. ब्लूटूथ नको, आवाज उशिरा पोचते आणि मध्येच तुटते. ईपी पिनपासून (हेडफोनची बारीक पिन) दोन पी-३८ (मिक्सरची जाड पिन) अशी वायर करून घ्या. चार्जर लावल्याबरोबर घुंईं आवाज येत असेल तर चार्जर काढा, बॅटरी आधीच भरून आणा. लॅपटॉप असेल तर डीआय बॉक्स मागा, मधे लावायचा छोटा डबा, घुंईं थांबवते. आणि घरी ट्रॅक एकदा मोनो करून ऐका. गावातला साऊंड बहुतेक मोनोच असते. स्टिरिओ फुगवायचे प्लगइन लावलेला सिंथ मोनोत गेला की दोन्ही बाजू एकमेकींना खाऊन टाकतात, हेडफोनमध्ये भारी वाटलेला तुकडा मैदानात गायब होते.

वैनगंगेचा_काठ
आमच्या झाडीपट्टीतून थोडं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात दिवाळीनंतर मंडई भरायला लागते आणि नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा म्हणजे देसाईगंज हे त्याचं मुख्य ठिकाण, कंपन्यांची कार्यालयं तिथंच. लोक तिकीट काढून रात्रभर थंडीत बसतात, ऑर्गन, तबला, ऑक्टापॅड समोर लाइव्ह वाजतो, गाणं आवडलं तर वन्समोअर घेतल्याशिवाय सोडत नाहीत. या रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. खेड्यातला प्रेक्षक पैसे देत नाही असं जे म्हणतात, त्यांनी एकदा इथली तिकीटखिडकी पाहावी.

नव्या गायकांसाठी इथं एक जागा मोकळी आहे. लोक येऊन बसतात आणि पडदा उघडतो, यात बराच वेळ जातो. त्या वेळात दोन गाणी द्या. विचारायचं कंपनीला नाही, नाटक घेणाऱ्या गावच्या मंडळाला. गाणी चार मिनिटांच्या आतली. नाटकाचे वादक मागू नका, त्यांना रात्र काढायची असते. स्वतःची दोनच वाद्यं न्या आणि एकच माईक जास्तीचा मागा. तिथला प्रेक्षक कान देऊन ऐकणारा आहे, दाद देतो तीही मोठ्यानं.

थंडीत दव पडायला लागलं की डफाचं, खंजिरीचं चामडं ढिलं होतं, आवाज बसतो. दोन डफ ठेवा, एक वाजेल तोवर दुसरा शेकत राहील. निखाऱ्यावर हातभर अंतरानं फिरवत शेकायचा. जाळावर धरला की कडेला चीर जाते. फायबरच्या पानाचा डफ दवात टिकतो, पण आवाज तितका भरीव येत नाही.

तूर_आणि_हरभरा
मला हे "शब्द नीट ऐकू यावेत" एवढंच महत्त्वाचं वाटत नाही. पोरं नाचायला येतात. सबशिवाय, म्हणजे खालचा जाड ठेका देणाऱ्या बॉक्सशिवाय, गाणं अंगात शिरत नाही. साऊंड_अकोट यांच्या हिशोबानं लावलं तर कीर्तन होईल.

साऊंड_अकोट
सब काढा असं मी म्हटलंच नाही. दोन १८ इंची सब लावा, फक्त दोन्ही शेजारी शेजारी मधोमध ठेवा. दोन टोकांना ठेवले की मधे काही जागी ठेका जोरात आणि काही जागी गायब, नाचणारे बरोबर चुकीच्या जागी उभे राहतात. सबमध्ये गायकाच्या आवाजाचा चॅनल पाठवू नका, फक्त ट्रॅक आणि ढोल. मग शब्दही राहतात, ठेकाही राहते.

लहान लेकरं सबला टेकून बसतात, त्यांना उठवायला माणूस ठेवा. ८५ डीबी आठ तास ही कानाची मर्यादा धरतात, पुढं दर ३ डीबीला वेळ अर्धा. म्हणजे १०० डीबीला पंधरा मिनिटं. सबसमोर तेवढा आवाज सहज असते.

वाशीम_फीडर
लाईनचं कोणी बोललं नाही. संध्याकाळी गावात व्होल्टेज पडतं, मोठ्या ठेक्याला अॅम्प्लिफायर दम सोडतो, कधी बंदच होतो. दोन टॉप, दोन सब, थोडे एलईडी दिवे यांना ५ केव्हीएचं जनरेटर पुरतं. चहावाल्याची शेगडी आणि हॅलोजन त्याच्यावर टाकू नका.

थ्री फेजवरून घेत असाल तर न्यूट्रल आधी तपासा. तो सैल असला की एका फेजवर व्होल्टेज साडेतीनशेपर्यंत चढू शकतं आणि सगळे पॉवर सप्लाय एका झटक्यात जातात. न्यूट्रल नट आवळून, मीटरनं फेज-न्यूट्रल मोजून मगच प्लग लावायचा. अर्थिंगचा रॉड ओल्या जागी ठोका, भोवती पाणी टाका. फटाक्यांची आवड असलेल्या चाहत्यांना जनरेटरच्या डिझेलपासून लांबची जागा आखून द्या, हे विनोदानं सांगत नाही.

कायद्याचं_पान
परवानगीबद्दल. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार लाऊडस्पीकरला लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर तो बंद. वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार १२ वाजेपर्यंत सूट देऊ शकतं, ते दिवस जिल्ह्यात आधी जाहीर होतात. बाकी दिवशी पावणेदहाला शेवटचं गाणं संपेल असा क्रम लावा. वस्तीत दिवसा ५५ डीबीची मर्यादा आहे, म्हणून बॉक्सचं तोंड घरांकडं न ठेवता वावराकडं ठेवा.

अर्ज पोलीस ठाण्यात, सोबत ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला. जागा जिल्हा परिषद शाळेची असेल तर शाळा व्यवस्थापन समितीचंही पत्र. अर्जात वेळ, अंदाजे गर्दी, बॉक्सची संख्या आणि जबाबदार दोघांची नावं लिहा. आठवडाभर आधी द्या. पोळ्याच्या आसपास ठाण्यात अर्जांचा ढीग असतो.

झडती_म्हण_गा
पोळ्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. झडती, म्हंजे पोळ्यातल्या टोमण्याच्या ओळी, म्हणणारा माणूस चार ओळीत सरकारले, सावकारले, जावयाले सोलून काढते आन् शेवटी "हर बोला हर हर महादेव" म्हटलं की सारं गाव एका आवाजात उठते. लोकाईनं केव्हा वरडाचं हे त्यात ठरलेलं हाय. नव्या गाण्यात हे ठेवा ना. आठ ओळी तुमच्या, एक ओळ लोकाईची. ते एक ओळ छोटी पाह्यजे, पाच-सहा शब्द, शेवट उघड्या स्वरावर. "आ"वर गर्दी जमते, "ट्" वर जमत नाही. कार्यक्रमाच्या आधी तेवढीच ओळ गटावर टाका, मंग पाहा.

पऱ्हाटीचं_बोंड
@झडती_म्हण_गा, फार कामाचं सांगितलं. ध्रुपदाचा कागद छापून वाटायचा विचार होता, आता फक्त लोकांची ओळ मोठ्या अक्षरात छापू.

रेकॉर्डिंगचं कोणी सांगा. शहरातला स्टुडिओ प्रत्येक गाण्याला परवडत नाही.

गादी_वाकळ_माईक
घरात चांगलं रेकॉर्डिंग होतं. अडचण खोलीची असते, माईकची कमी. सिमेंटच्या रिकाम्या खोलीत आवाज भिंतीवरून परत येतो आणि तो नंतर काढता येत नाही. आपल्याकडं नोव्हेंबर ते जानेवारी घरात वेचलेला कापूस पडलेला असतो. त्या खोलीत टाळी वाजवून पाहा, आवाज जागीच मरतो. कापूस नसेल तेव्हा कुडाची, तुराट्यांवर शेणमाती लिंपलेली खोली सिमेंटच्या खोलीपेक्षा कितीतरी बरी, भिंत खडबडीत असल्यानं आवाज विखुरतो. तीही नसेल तर गायकाच्या पाठीमागं आणि दोन्ही बाजूंना वाकळा टांगा, भिंतीपासून वीतभर सोडून. पाठीमागची वाकळ सगळ्यात महत्त्वाची, कारण माईकचं तोंड तिकडं असतं.

माईक तोंडापासून एक वीत, थोडा बाजूला, ओठांच्या कोपऱ्याकडं रोखलेला. भरतकामाच्या रिंगमध्ये पातळ नायलॉनचे दोन पदर ताणले की पॉप फिल्टर तयार. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. सगळ्यात मोठ्या आवाजाला मीटरची पट्टी उणे १० डीबीच्या वर जाऊ देऊ नका. २४ बिटमध्ये आवाज हळू आला तर वाढवता येतो, फाटला तर फाटलाच. डफ मीटरभर लांबून घ्या, जवळून फक्त थाप येते, घुमारा येत नाही.

सॉफ्टवेअर म्हणून बँडलॅब फुकट आहे, मोबाईलवर चालतं. लॅपटॉप असेल तर रीपर, जुन्या मशीनवरही अडत नाही.

एप्रिल-मेमध्ये कूलर बंद केल्याशिवाय रेकॉर्डिंग नाही, म्हणून पहाटे पाच ते सात हीच वेळ. आणि शेतीची लाईन रात्री असते त्या आठवड्यात विहिरीवरच्या मोटारींची घरघर लांबून येते, हेडफोनवर तपासून घ्या.

वैनगंगेचा_काठ
कापसाच्या खोलीत एक्स्टेन्शन बोर्ड नेणं मला अजिबात पटत नाही. एक ठिणगी पुरते, आणि तो वर्षभराचा माल असतो.

गादी_वाकळ_माईक
बरोबर आहे, हे ठळक लिहायला हवं होतं: त्या खोलीत वीज न्यायची नाही. लॅपटॉप बॅटरीवर, शेजारच्या खोलीत. आत फक्त माईक आणि त्याची कॅननवाली (तीन पिनांची) केबल. लॅपटॉपला जोडलेल्या इंटरफेसमधून (माईक आणि लॅपटॉपमधला डबा) माईकला मिळणारे ४८ व्होल्ट केबलमधूनच जातात, त्याला वेगळा प्लग लागत नाही. आत बिडी नाही, दिवा नाही. तंतू उडतात म्हणून कापूस हलवून अर्धा तास खोली बंद ठेवा, नाहीतर गायकाचा घसा धरतो.

पट्टी_काळी_चार
पोरींच्या आवाजाबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. भजनी मंडळांतून आलेल्या मुली आता स्वतःची गाणी करतात, पण ट्रॅक बनवणारा मुलगा स्वतःच्या पट्टीत बनवतो. पुरुष साधारण काळी एक-दोनमध्ये (पेटीच्या पहिल्या-दुसऱ्या काळ्या पट्टीला सा धरून) गातात, बायकांना काळी चार-पाच सोयीची. मग ती मुलगी एकतर खाली घरघरते नाहीतर वरच्या सप्तकात किंचाळते, आणि लोक म्हणतात आवाजात दम नाही. दम आहे, पट्टी चुकीची आहे.

उपाय साधा. ट्रॅक करण्याआधी तिला पेटीवर गाण्यातली सगळ्यात वरची ओळ गायला लावा, जिथं आवाज मोकळा राहतो ती पट्टी धरा. तयार ट्रॅक दोन-तीन स्वरस्थानांपर्यंत सरकवला तर चालतो, काळी एकवरून चारवर न्यायचा तर सात स्थानं होतात, ढोलकी खेळण्यातली वाटायला लागते. तिथं सूर वाजवणारे भाग नव्यानं करावे लागतात, ताल तसाच ठेवायचा.

कार्यक्रमाच्या क्रमात मुलींना शेवटी ठेवू नका. पहिल्या तासात ठेवा, बायका तेव्हा मैदानात असतात आणि त्यांची दाद वेगळीच असते.

खंजिरी_मोझरी
ताई, हे शेवटचं लय बरोबर. आन् बायकाईसाठी समोर जागा आखून ठेवा, चुन्यानं.

तारेवरची_चिमणी
आता गाणं बाहेर न्यायचं. क्रम असा ठेवा, की गाणं आधी सगळीकडं पोचलेलं असावं, कार्यक्रम नंतर. चाहत्यांचा जोर कार्यक्रमाच्या रात्री आणि पुढचे दोन दिवस सगळ्यात जास्त असतो. त्या वेळी शोधून गाणं सापडलं नाही तर तो जोर फाटक्या क्लिपांत जातो, धागाकर्त्यांनी म्हटलं तसं.

वितरकामार्फत टाका, म्हणजे स्पॉटिफायसारख्या ठिकाणी गाणं पोचवणाऱ्या ऑनलाइन कंपनीमार्फत. रूटनोटचा फुकटचा पर्याय कमाईतले १५ टक्के ठेवतो. डिस्ट्रोकिड वर्षाची फी घेतं, फी थांबली की गाणं उतरू शकतं, त्यामुळं वर्षाला एकच गाणं करणाऱ्यानं विचार करूनच घ्यावं. डब्ल्यूएव्ही फाईल द्या, एमपी३ नाही. चित्र ३००० बाय ३००० पिक्सेल, त्यावर मोबाईल नंबर किंवा क्यूआर टाकला तर परत येतं. गायकाचं नाव प्रत्येक वेळी अक्षरशः तेच लिहा. एकदा देवनागरीत, एकदा रोमनमध्ये लिहिलं की दोन वेगळे कलाकार तयार होतात आणि ऐकणारे वाटले जातात. तीन-चार आठवडे आधी पाठवा. स्पॉटिफायच्या संपादकांसमोर गाणं ठेवायचं तर कलाकारांच्या खात्यातून किमान ७ दिवस आधी.

आवाजाची पातळी उणे १४ एलयूएफएसच्या (गाणं सरासरी किती मोठं ऐकू येतं त्याचं माप) आसपास, शिखर उणे १ डीबी. त्याहून कितीही दाबून मोठं केलं तरी स्पॉटिफाय आणि यूट्यूब खाली ओढतातच, दबलेपण मात्र राहतं. मैदानात वाजवायचा ट्रॅक वेगळा काढा.

तूर_आणि_हरभरा
चाहत्यांनी रात्रभर मोबाईलवर गाणं फिरवत ठेवलं तर आकडा वाढतो की. गावात शंभर मोबाईल आहेत.

तारेवरची_चिमणी
हे अजिबात करू नका, आणि "हजार रुपयात लाख व्ह्यू" वाल्यांकडंही जाऊ नका. स्पॉटिफाय ३० सेकंदांनंतर एक ऐकणं मोजतं, पण एकाच खात्यावर रात्रभर तेच गाणं चाललं की ते खोटं धरलं जातं. २०२४ पासून अशा गाण्यांसाठी वितरकाला दंड लागतो आणि तो कलाकाराकडून वसूल करतात किंवा गाणंच काढून टाकतात. प्रेमानं केलेल्या कामानं गाणं मरतं.

त्याच वर्षापासून आणखी एक नियम आहे: मागच्या १२ महिन्यांत १००० ऐकणी नसतील तर त्या गाण्याचे पैसेच नाहीत. म्हणून दहा गाणी एकदम टाकून प्रत्येकी तीनशे घेण्यापेक्षा एक गाणं टाका आणि सगळ्या चाहत्यांना त्यावर लावा. यूट्यूबवर जाहिरातीच्या कमाईसाठी १००० सदस्य आणि १२ महिन्यांत ४००० तास लागतात. चार मिनिटांचं गाणं असेल तर पूर्ण ऐकलेली ६०,००० वेळा. हा आकडा चाहत्यांना सांगा, त्यांना ध्येय आवडतं.

चाहत्यानं करायचं ते इतकंच: खात्याला फॉलो, गाणं आपल्या यादीत साठवणं, आणि स्वतःच्या रीलला गाण्याचा अधिकृत आवाज लावणं. नाचणाऱ्याचं चित्र त्याचं, आवाज मूळ फाईलचा. मग प्रत्येक रीलवर गायकाचं नाव आपोआप येतं.

निळी_पहाट
इथं एक दुरुस्ती सुचवतो, चर्चा फार नव्यावर चालली आहे. विदर्भात स्वतंत्र संगीत आधीपासून आहे. भीमगीतांची मंडळं स्वतः लिहितात, स्वतः कॅसेट काढायची, दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनी स्वतः विकायची. कॅसेटचं सीडी झालं, सीडीचं पेन ड्राइव्ह. ऐकणारा थेट गाणाऱ्याच्या हातात पैसे देत होता. नव्या पोरांनी या मंडळांकडं जाऊन बसावं.

पण त्या परंपरेतली एक सवय आता अडचणीची आहे: सिनेमाच्या चालीवर नवे शब्द. जयंतीच्या मंचावर गा, पण यूट्यूबवर टाकलं की कंटेंट आयडी, म्हणजे यूट्यूबची गाणी ओळखणारी यंत्रणा, चालही ओळखते, आणि कमाई चालीच्या मालकाकडं जाते. स्वतःची चाल लावा.

जुनी रचना घ्यायची तर वर्षं मोजा. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, मोजणी पुढच्या वर्षाच्या जानेवारीपासून. तुकडोजी महाराज १९६८ मध्ये गेले, त्यांच्या भजनांवर २०२८ संपेपर्यंत हक्क आहे. वामनदादा कर्डक २००४ मध्ये गेले, म्हणजे २०६४. गायची असेल तर हक्कदारांची लेखी परवानगी घ्या आणि नाव ठळक द्या.

तारेवरची_चिमणी
@निळी_पहाट यांच्याला जोडून: इंटरनेटवरून भाड्यानं घेतलेला बीट, म्हणजे तयार ठेका आणि संगीत. तोच बीट आणखी पन्नास जणांनी घेतलेला असतो. त्यावरचं गाणं कंटेंट आयडीत नोंदवायला त्या बीटच्या परवान्यातच मनाई असते. तरी नोंदवलं तर बाकीच्यांच्या गाण्यांवर दावे पडतात आणि तुमचं खातं गोत्यात येतं. वितरकाच्या फॉर्मवर कंटेंट आयडीची खूण करायची नाही. गावातला ढोलकीवाला घ्या, स्वतःचा ठेका रेकॉर्ड करा, प्रश्नच संपला.

सिपना_खोरं
मेळघाटातल्या कोरकू गाण्यांचे तुकडे रॅपमध्ये वापरायची लाट आहे, गडचिरोलीकडं गोंडी रेला गाण्यांचंही तेच. चांगलं आहे, पण गावाला विचारून. गाणं सगळ्या गावाचं असतं. फॉर्ममध्ये रचनाकाराच्या जागी स्वतःचं नाव टाकू नका, पारंपरिक लिहा, गाणाऱ्या बायकांची नावं गायिका म्हणून द्या आणि वाटा आधी ठरवा. रेकॉर्ड करताना प्रत्येकीपुढं माईक धरू नका, गोल मोडतो आणि त्या लाजतात. गोलाच्या मधोमध उंच काठीवर दोन माईक, ढोल गोलाबाहेर चार-पाच पावलांवर. पावलांचा आवाज येऊ द्या, तोच त्यांचा ताल आहे.

कायद्याचं_पान
वाट्याचं कागदावरच करा. गीतकार, संगीतकार, ट्रॅक करणारा, गायक यांचे टक्के लिहून सह्या. हक्क दुसऱ्याला देताना कागद लेखीच लागतो. मुदत लिहिली नसेल तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. "सर्व हक्क कायमचे" असं छापलेलं पान घेऊन कोणी आला तर सही करण्याआधी त्यात मुदत घालून घ्या. शब्द आणि चाल करणाऱ्यांनी आयपीआरएसचं, म्हणजे त्यांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सदस्य व्हावं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर त्यांचा रॉयल्टीतला वाटा कोणाला लिहून देता येत नाही, अपवाद वारस आणि अशी संस्था.

खंजिरी_मोझरी
बक्षिसाचं सांगून देतो. मंचावर "अमक्या भाऊकडून ५१ रुपये" हे गाण्याच्या मधात वाचू नोका, दोन गाण्याच्या मधात वाचा, सारे एकसाथ. नोटा उडवल्या तं पोट्टे वेचाले धावते, वायरी तुटते, अर्ध्या नोटा जाते. मंचापासून सात-आठ फुटावर बल्ल्या बांधा, दोरी नोका, दोरी ढकलल्या जाते. बल्लीच्या दोन्ही टोकाले क्यूआरची पाटी, कंबरेच्या वर, दिवा तिच्यावर. तिथं उभा राहाले त्याच चाहत्याले बसवा जो सर्वात जास्त स्टेजवर चढते. त्याले मानाचं काम भेटलं की तोच बाकीच्याले आवरते.

पऱ्हाटीचं_बोंड
सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं नेमकं एका जागी कुठंच वाचलेलं नाही. मूळ प्रश्नाकडं येतो. आता चित्र असं दिसतंय: गाणं महिनाभर आधी वितरकाकडं, लोकांची ओळ आठवडाभर आधी गटावर, कार्यक्रम सात ते पावणेदहा, मुली पहिल्या तासात. चाहत्यांतला एक जण ऑपरेटरजवळ शब्द घेऊन, चार बल्लीजवळ, एक लेकरांकडं, दोन क्यूआरवर. बाकीच्यांनी फक्त ओरडायचं आणि नाचायचं.

एकच अडलंय. कार्यक्रमाचा व्हिडिओ करायचा आहे. मोबाईलमध्ये आवाज फाटतो, मिक्सरमधून घेतला तर मेल्यासारखा, गर्दीच नाही.

गादी_वाकळ_माईक
दोन्ही घ्या आणि मिसळा. मिक्सरच्या रेकॉर्ड आउटमधून एक वायर रेकॉर्डरमध्ये. दुसरा मोबाईल किंवा रेकॉर्डर गर्दीत, बॉक्सपासून पंधरा-सोळा मीटर मागं, डोक्याच्या वर, तोंड लोकांकडं. त्याची पातळी हातानं कमी करा, ऑटो ठेवली तर शिट्टी आली की सगळा आवाज दबतो. सुरू झाल्यावर मंचावरून माईकमध्ये एक टाळी. घरी दोन्ही ट्रॅक त्या टाळीवर जुळवा. आवाज तीन मीटरला साधारण ९ मिलिसेकंद घेतो, म्हणजे गर्दीतला ट्रॅक ४५-५० मिलिसेकंद मागं असेल, तेवढा पुढं ओढला की टाळ्या जुळतात. मिक्सरचा ट्रॅक मुख्य, गर्दीचा ८-१० डीबी खाली. लोकांची ओळ आली की तेवढ्यापुरता गर्दीचा ट्रॅक वर करा.

सिपना_खोरं
दोन वेगळ्या मशीनची घड्याळं तासाभरात थोडी सरकतात. पूर्ण कार्यक्रम एका तुकड्यात जुळवू नका, प्रत्येक गाण्याआधी टाळी घ्या.

पऱ्हाटीचं_बोंड
गर्दीतला मोबाईल बांबूला बांधला तर चालेल का? बल्ल्या आहेतच.

गादी_वाकळ_माईक
चालेल, पण मधे फोमचा तुकडा किंवा जुन्या ट्यूबची दोन घडी द्या. लोक बल्लीवर हात आपटतात, तो ठोका थेट मोबाईलमध्ये जातो. आणि मोबाईलची रेकॉर्डिंगची जागा आधी मोकळी करून ठेवा. अडीच तासाची ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट स्टिरिओ फाईल अडीच जीबीच्या आसपास होते.